लावणी कुणाची, नाव कुणाचं?



जत्रेतल्या फडावर, हळदीच्या डीजेवर, मोबाईलवर आपण सगळ्याच लावणी ऐकतो. विद्यापीठात या लावणीचा अभ्यासही होतो. पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी १९९५ साली लावणी कलावंत स्त्रियांवर लेख लिहिला. पुढे शैलजा पाईक यांनी तमाशातल्या स्त्रियांवर पुस्तकच लिहिलं, ते २०२२ साली आलं. पाईक आपल्याच जिल्ह्यातल्या पोहेगावच्या, दलित कुटुंबातल्या. येरवड्याच्या झोपडपट्टीत वाढल्या. आज अमेरिकेत प्राध्यापक आहेत. २०२४ साली त्यांना तिथली मानाची मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली.

अशा अभ्यासात गाणं चांगलं की वाईट एवढंच बघत नाहीत. शब्द कुणी लिहिले, नाचतं कोण, पैसा कुणाकडे जातो आणि नाव कुणाचं राहतं, हे विचारतात.

आपणही विचारून बघू. लावणीतली ‘मी’ बहुतेक वेळा बाई असते. पण राम जोशी, होनाजी बाळा, पठ्ठे बापूराव हे गाजलेले लावणीकार सगळे पुरुष. बाईचा रुसवा, बाईची हौस पुरुषानं लिहायची आणि पुरुषांपुढे बाईनं गायची, अशी ही रीत. फडावर उभ्या राहणाऱ्या बहुतेक जणी कोल्हाटी, महार, मांग अशा समाजांतल्या. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या पवळाबाईंनी पठ्ठे बापूरावांच्या लावण्या गाजवल्या. बापूराव जातीनं ब्राह्मण, पवळाबाई महार. बापूरावांचं नाव आपल्याला ठाऊक असतं. पवळाबाईंचं किती जणींनी ऐकलंय?

तीच लावणी सिनेमात आली की कला होते, आणि फडावरची बाई मात्र अश्लील ठरते. पाईक म्हणतात, हा ‘अश्लील’ शिक्का नुसता गाण्यावर बसत नाही, बाईवर आणि तिच्या जातीवर बसतो. शिट्ट्या मारणारा घरी जाऊन प्रतिष्ठितच राहतो. त्या बायांना हवी असते ती माणुसकी.

आता हे आपल्या गटात आणून बघा. फडावरच्या एखाद्या ताईनं सभासद व्हायचं म्हटलं, की कुजबुज सुरू होते: “लोक काय म्हणतील?” मैत्रिणींनो, आपण नियमित बचत, बैठक आणि कर्जफेड बघतो. कोण कुठं नाचते, हे आपल्या वहीत कुठंच लिहिलेलं नाही.

उलट गटाची गरज तिला जास्त आहे. पावसाळ्यात फड बंद असतात, तेव्हा घर चालवायला सावकाराकडून उचल घ्यावी लागते. हंगामात ती गावोगाव फिरते, बैठकीला येता येणार नाही. मग महिन्याची बचत तिनं घरच्या माणसाकडून किंवा मोबाईलवरून पाठवावी, असा ठराव करता येतो.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. तिच्या पाठीमागे बोलू नका, तिला समोर बसवून बोला.