शेजाऱ्याचें कुंपण आणि अपिलाचा हक्क



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींजणांना हंसूं आलें असेल. कुंपणाची उंची हा काय नभोवाणीवरून बोलण्याचा विषय आहे, असें कोणीही विचारील. परंतु ज्यानें आपल्याकडील बांधावरचीं भांडणें पाहिलीं आहेत, तो असें विचारणार नाहीं. बांध कोरला म्हणून, किंवा झाडाची सांवली पिकावर पडली म्हणून, दोन घरें पिढ्यान् पिढ्या एकमेकांशीं बोलत नाहींत, हें आपण जाणतों. वाद वीतभर जमिनीचा असतो. तो वाढतो तो मनाला झोंबलेल्या अपमानामुळें. इंग्लंडांतही हें खरें आहे. तेथें बांधाच्या जागीं झाडांचें कुंपण आहे, एवढाच फरक. अशा कुंपणाविषयीं अधिकाऱ्यानें दिलेला निर्णय पटला नाहीं तर मनुष्यानें काय करावें, हें आज सांगावयाचें आहे. कित्येक मराठी कुटुंबें त्या देशांत घरें करून राहिलीं आहेत. त्यांना हें उपयोगी पडेल, आणि इतरांना विचार करण्याजोगा एक नमुना पाहावयास मिळेल.

प्रथम हा तंटा उत्पन्न कां होतो तें पाहूं. आपल्याकडे सांवली देणाऱ्याला पुण्य लागतें. तेथें गोष्ट उलट आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धांत लंडन येथें भर दुपारींही सूर्य क्षितिजापासून सुमारें १५ अंशच वर येतो. त्या वेळीं ६ मीटर उंचीच्या झाडाची सांवली सुमारें २२ मीटर लांब पडते. म्हणजे शेजाऱ्याची बाग ओलांडून ती त्याच्या खिडकीशीं जाऊन पोंचते. त्यांत भर घातली आहे लेलँड सायप्रस या झाडानें. दुरून आपल्या सुरूची आठवण करून देणारा हा वृक्ष वेल्समधील लेटन हॉल येथें १८८८ सालीं उत्पन्न झाला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील माँटेरे सायप्रस आणि उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील नूटका सायप्रस या दोन जातींचा हा संकर. तो बारमास हिरवा राहतो, दाट वाढतो आणि वर्षाला जवळजवळ एक मीटर उंच होतो. चार पावलांवरच्या शेजाऱ्याच्या नजरेपासून आडोसा हवा असलेल्या गृहस्थाला तो वरदानासारखा वाटला. पांच वर्षांनीं आडोसा झाला. पंधरा वर्षांनीं ती भिंत झाली. आणि भिंतीपलीकडील गृहस्थाच्या स्वयंपाकघरांत दिवसाही दिवा लागूं लागला.

जुना इंग्रजी कायदा या गृहस्थाला फारसा उपयोगी नव्हता. १८३२ च्या कायद्याप्रमाणें एखाद्या खिडकींतून वीस वर्षें अखंड प्रकाश येत असेल तर त्या प्रकाशावर हक्क सांगतां येतो. पण तो हक्क इमारतीचा, बागेचा नव्हे. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या हद्दींत आली तर ती हद्दीपुरती छाटावी, हें हाउस ऑफ लॉर्ड्सनें १८९४ सालीं मान्य केलें. पण हद्दीपलीकडे सरळ वर वाढणाऱ्या शेंड्याला हात लावण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. अखेरीस २००३ सालीं पार्लमेंटानें समाजविघातक वर्तनाविषयींचा जो कायदा केला, त्याच्या आठव्या भागांत उंच कुंपणांचा समावेश झाला. इंग्लंडांत तो भाग १ जून २००५ पासून अमलांत आला.

हा कायदा कशाला लागू आहे? दोन किंवा अधिक झाडांची रांग, तीं झाडें मुख्यतः सदापर्णी किंवा अर्धसदापर्णी, उंची २ मीटरांहून अधिक, आणि त्यामुळें प्रकाशाला किंवा येण्याजाण्याला अडथळा, अशीं त्याचीं लक्षणें आहेत. एकटा वृक्ष, किंवा हिवाळ्यांत पानें गाळणारी रांग यांत बसत नाहीं. मुळांनीं केलेलें नुकसानही यांत येत नाहीं. तक्रार कौन्सिलकडे, म्हणजे तेथील स्थानिक नगरसंस्थेकडे, फी भरून करावयाची. आणि तत्पूर्वीं समेटाचे सर्व वाजवी प्रयत्न केलेले असले पाहिजेत. ते केले नाहींत असें कौन्सिलला वाटलें तर ती तक्रार पुढें चालवीतच नाहीं. आणि या नकारावर अपीलही नाहीं. म्हणून शेजाऱ्याला लिहिलेल्या सौजन्याच्या पत्राची नक्कल जपून ठेवणें हा या मार्गांतील पहिला धडा होय.

तक्रार घेतल्यावर कौन्सिलला दोन गोष्टी ठरवावयाच्या असतात. कुंपणाच्या उंचीमुळें तक्रारदाराच्या घराच्या वाजवी उपभोगाला बाध येतो काय, आणि येत असल्यास काय करावें. येथें दोन्ही पारडीं पाहावीं लागतात. एकीकडे प्रकाश, दुसरीकडे कुंपणवाल्याचा एकांत आणि त्या हिरवाईनें आळीला येणारी शोभा. मग कौन्सिल एकतर तक्रार नामंजूर करते किंवा उपाययोजनेची नोटीस काढते. कुंपण अमुक उंचीपर्यंत अमुक मुदतींत छाटावें आणि पुढें तमुक उंचीवर जाऊं देऊं नये, असें त्या नोटिशींत असतें. मात्र २ मीटरांखालीं छाटा किंवा कुंपण समूळ काढा, अशी आज्ञा करण्याचा अधिकार कौन्सिलला नाहीं.

आतां अपिलाकडे वळूं. नोटीस निघाली तर तक्रारदार आणि कुंपणवाला दोघांनाही अपील करतां येतें. एकाचें म्हणणें असेल कीं छाटणी अपुरी आहे. दुसऱ्याचें, कीं ती जरुरीपेक्षां अधिक आहे, किंवा तिला दिलेली मुदत तोकडी आहे. तक्रार फेटाळली गेली तर तक्रारदारानें अपील करावयाचें. मुदत २८ दिवसांची. विलंब माफ करण्याचा अधिकार वरच्या अधिकाऱ्याला असला तरी त्यावर विसंबूं नये. अपील योग्य रीतीनें दाखल झालें कीं त्याचा निकाल लागेपर्यंत नोटीस तहकूब राहते. म्हणजे या काळांत घाईनें छाटून घेण्याची सक्ती कोणावर होत नाहीं. अपिलासाठीं निराळी फी नाहीं आणि वकीलही लागत नाहीं.

इंग्लंडांत हीं अपिलें मंत्र्याच्या वतीनें ब्रिस्टल येथील प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेट ही संस्था चालविते. एक इन्स्पेक्टर नेमला जातो. तो उभय पक्षांचें लेखी म्हणणें आणि कौन्सिलचे कागद वाचतो, आणि मग स्वतः जागेवर जाऊन पाहतो. त्या भेटीच्या वेळीं वादविवाद करावयाचा नसतो. "ही खिडकी पाहा, हा उतार पाहा," एवढें दाखवितां येतें. शेजाऱ्याच्या स्वभावाचें वर्णन करतां येत नाहीं. आपल्याकडील फडांत पंचांसमोर दोन्ही पक्ष गळा काढून बोलतात, त्याच्या अगदीं उलट ही पद्धति आहे. ती प्रथम रुक्ष वाटते. परंतु वर्षानुवर्षें एकमेकांकडे न पाहणारे दोन गृहस्थ त्याच बागेंत तिऱ्हाइतासमक्ष उभे असतां जिभेला आवर घालण्याची ही तजवीज किती शहाणपणाची आहे, हें थोड्या विचारानें कळेल.

अपिलांत जोर कशाचा असतो हें एका कल्पित उदाहरणानें सांगतों. तक्रारदाराची बाग चौकोनी असून कुंपण तिच्या दक्षिणेला आहे. कुंपणापासून घराच्या भिंतीपर्यंत १२ मीटर अंतर आहे आणि कुंपणाची उंची ७ मीटर आहे. इमारतशास्त्राच्या संशोधकांनीं अशा प्रसंगासाठीं एक गणित बसवून दिलें आहे. कुंपण दक्षिणेला असेल तर बागेची खोली पाव पटीनें घ्यावी. म्हणजे बागेसाठीं उंची ३ मीटर आली. कुंपणासमोरच्या तळमजल्यावरील खिडकीसाठीं अंतराची निमपट करून त्यांत १ मीटर मिळवावा. म्हणजे ७ मीटर आले. दोहोंपैकीं लहान आंकडा धरावयाचा, तो ३ मीटर. आतां समजा, कौन्सिलच्या माणसानें घराच्या कडेची बोळ चुकून धरली आणि खोली १६ मीटर मानली. मग उत्तर ४ मीटर येतें. एक मीटराचा फरक म्हणजे डिसेंबरच्या दुपारीं पावणेचार मीटर अधिक सांवली. म्हातारा गृहस्थ ज्या बाकावर ऊन खात बसतो तो बाक उन्हांत राहणार कीं अंधारांत, हें त्या एका चुकलेल्या मोजणीवर ठरतें. अशा वेळीं "शेजारी दुष्ट आहे" हें वाक्य अपिलांत कुचकामाचें; "मोजणी येथपासून येथपर्यंत हवी होती" हें एक वाक्य मात्र निकाल फिरवूं शकतें.

कुंपणवाल्याच्या बाजूनेंही असेंच आहे. लेलँड सायप्रस एकदम खोल छाटला तर त्याच्या जुन्या, तपकिरी झालेल्या लाकडांतून पुन्हां पालवी फुटत नाहीं आणि झाड मरण्याचा संभव असतो. छाटणी टप्प्याटप्प्यानें करूं द्यावी, किंवा पक्ष्यांच्या विणीचा हंगाम टळेल अशी मुदत द्यावी, हें त्याचें म्हणणें वाजवी होय. वर सांगितलेलें गणितही मार्गदर्शक आहे. तो कायदा नव्हे. इन्स्पेक्टर जागेची स्थिति पाहून त्याहून निराळें मत देऊं शकतो.

इन्स्पेक्टर नोटीस रद्द करतो, बदलतो किंवा कायम ठेवतो. कौन्सिलनें नोटीस काढली नसेल तर कौन्सिलच्या वतीनें ती काढूंही शकतो. त्याचा निकाल अखेरचा. त्यापुढें हायकोर्ट आहे. पण तेथें निर्णय कायदेशीर रीतीनें झाला कीं नाहीं एवढेंच पाहतात, कुंपण पुन्हां मोजीत नाहींत. नोटीस न पाळणें हा गुन्हा असून त्याला १,००० पौंडांपर्यंत दंड आहे. कौन्सिल स्वतः माणसें पाठवून छाटणी करूं शकते आणि खर्च वसूल करते. घर विकलें तरी नोटीस सुटत नाहीं. ती नव्या मालकालाही बांधते.

स्कॉटलंडनें असाच कायदा २०१३ सालीं केला आणि उत्तर आयर्लंडनें २०११ सालीं. अपिलाचीं ठिकाणें निरनिराळीं असलीं तरी कल्पना एकच आहे.

शेवटीं एक गोष्ट सांगून संपवितों. अपील शेजाऱ्याविरुद्ध नसतें, तें निर्णयाविरुद्ध असतें. हा भेद दिसावयास बारीक आहे, पण सर्व शहाणपण त्यांत सांठविलें आहे. शेजाऱ्यावर मात करावयाची असें ठरवून जो अपील लिहितो, तो आपलें दुःख सविस्तर लिहितो आणि पुरावा विसरतो. निर्णयांतील चूक दाखवावयाची असें ठरविणारा मोजपट्टी घेऊन बागेंत जातो, खिडकींतून छायाचित्र घेतो, तारीख घालतो आणि चार ओळींत आपलें म्हणणें मांडतो. त्याला यश आलें तर उत्तमच. न आलें तरी शेजाऱ्याला नमस्कार करण्याइतकें तोंड त्याला उरतें. आणि तें उरणें फार जरूर आहे, कारण इन्स्पेक्टर तासाभरानें ब्रिस्टलची गाडी पकडतो. शेजारी मात्र उद्यां सकाळीं तेथेंच असतो.

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें आपले वाडवडील सांगत आले. त्यांत अन्याय मुकाट्यानें सोसावा असा उपदेश नाहीं. पायरी चढण्यापूर्वीं शेजाऱ्याच्या दारावर एकदां थाप मारावी. दार उघडलें नाहीं तर कायद्यानें ठेविलेल्या दाराकडे शांतपणें जावें. आणि तेथेंही आपल्या हक्काच्या उन्हाएवढेंच मागावें, अधिक नव्हे.