दुतोंड्या मारुती आणि आमची बाल्कनी



मी सॉफ्टवेअरवाली. ही सांडपाण्यावर का बोलतेय, अशी कुजबुज मागच्या बाकांवर सुरू झालेली दिसतेय. (बाक बदलले, माणसं तीच!) कारण शेवटी सांगते.

शाळेत असताना गंगेला पूर आला की आपला एकच प्रश्न असायचा: दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं? कमरेला, छातीला की गळ्याला? त्यावरून सराफ बाजारातले दुकानदार माल हलवायचा की नाही ते ठरवायचे. घाणीला मात्र असा मारुती नाही. तिथं बीओडी मोजतात. पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन संपवतात, त्याचं हे माप. तो संपला की मासे गुदमरतात. नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवावा लागतो, म्हणजे आकडा हाती येईपर्यंत ते पाणी नांदूरमध्यमेश्वरच्या पाखरांकडे निघून गेलेलं असतं.

घराघरातल्या मैलापाण्याचा बीओडी लिटरमागे साधारण २०० मिलिग्रॅम. ते गटारांतून, पंपांतून तपोवन, आगर टाकळी, चेहेडी, पंचक अशा केंद्रांवर जातं. आधी जाळीत चिंध्या, प्लॅस्टिक अडतं, मग वाळू खाली बसते. तपोवन-टाकळीच्या जुन्या पद्धतीत पाणी टाकीत तळातून सोडतात आणि ते गाळाच्या जाड थरातून वर चढतं. या थरातले जिवाणू हवेशिवाय जगतात, घाण खातात आणि गॅस सोडतात. वीज फार लागत नाही, हा मोठा फायदा. पण घाण बरीच उरते, म्हणून पुढे हवा देऊन दुसऱ्या जिवाणूंकडून उरलेलं काम करून घ्यावं लागतं.

पूर्वी बीओडी ३० पर्यंत चालायचा. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं १० ची मर्यादा घातली. आणि आंघोळीच्या पाण्याचा निकष आहे ३. म्हणजे केंद्रानं नियम तंतोतंत पाळला, तरी ते पाणी नदीच्या स्वच्छ पाण्यात मिसळून आणखी पातळ व्हायला हवं. उन्हाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सुटलं नाही, तर ते मिसळणार कशात? २०२७ च्या कुंभमेळ्याच्या गप्पांत हा प्रश्न मला फारसा ऐकू येत नाही.

आता ते कारण. केंद्र फक्त त्याच्याकडे पोचलेलं पाणी साफ करतं. गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीमागच्या नाल्यात पांढरा फेस दिसला. कुठल्या कारखान्याचा असेल, म्हणून मी तावातावानं फोटो काढले. फेसाच्या मागं मागं गेले, तर तो आमच्याच इमारतीच्या पावसाळी पाइपमधून येत होता. बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनचं पाणी पावसाच्या पाइपात, तिथून नाल्यात, नासर्डीत आणि थेट गोदावरीत. वाटेत एकही केंद्र नाही! आणि त्या मशीनची जागा ठरवली होती मीच. अशी चुकीची जोडणी माझ्या हाताखालच्या मुलांनी केली असती, तर मी त्यांना चांगलंच झापलं असतं.

प्लंबर बोलावून आमचा पाइप मोरीच्या लाइनला जोडून घेतला. अर्ध्या दिवसाचं काम. वरच्या-खालच्या अकरा घरांचे पाइप अजून तसेच आहेत. मीटिंगमध्ये विषय काढला, तर सेक्रेटरी काका म्हणाले, "दिवाळीनंतर बघू." दिवाळी झाली. येत्या रविवारी मी पुन्हा त्यांच्याकडे चहाला जाणार आहे.