नकाशावरील पूर्वजांचे गाव

(केंद्रसंमेलनात प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परिसराचा पाठ सुरू झाला की वर्गात एक प्रश्न सहज विचारला जातो : "तुझे मूळ गाव कोणते?" बहुतेक मुले चटकन उत्तर देतात. एखादे मूल मात्र मान खाली घालून उभे राहते. त्याच्या आजोबांचे गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेले असते. किंवा घराणे तीन पिढ्यांपूर्वी दुष्काळात घराबाहेर पडलेले असते आणि पुढे कोणी मागच्या गावाचे नाव काढलेले नसते. गुरुजी पुढच्या मुलाकडे वळतात आणि पाठ पुढे चालू होतो. त्या मुलाच्या मनात मात्र एवढेच उरते की, इतरांना गाव आहे, आपल्याला नाही.

या मौनाला उत्तर देण्याचे एक साधन शाळेपाशी आहे, ते म्हणजे नकाशा. नकाशा म्हटला की राजधान्या, नद्या व पर्वत दाखविण्याचे भिंतीवरील चित्र, एवढीच कल्पना पुष्कळदा मनात येते. परंतु नकाशा हा एक दस्तऐवजही आहे. ज्या वर्षी मोजणी झाली, त्या वर्षीची भूमी त्याने साक्षीदाराप्रमाणे नोंदवून ठेवलेली असते. पूर्वजांच्या वस्तीचा शोध घेताना नकाशाचा उपयोग याच नात्याने करावयाचा असतो. सारे सूत्र एका वाक्यात सांगावयाचे तर ते असे : ज्या काळचा पूर्वज, त्या काळचा नकाशा.

आडनावाची साक्ष

महाराष्ट्रात शोधाचा पहिला धागा बहुधा आडनावात सापडतो. गावाच्या नावाला 'कर' जोडून झालेली आडनावे सर्वत्र आढळतात. याचे बोलके उदाहरण म्हणजे कोकणातील बेने इस्रायल समाज. पेणकर, रोहेकर, केहिमकर ही त्या समाजातील आडनावे पेण, रोहे व किहीम या गावांवरून आलेली आहेत. ही गावे आजच्या रायगड, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील होत. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलमध्ये जाऊन स्थायिक झाली. देश बदलला, परंतु गावाचे नाव आडनावाच्या रूपाने बरोबर गेले. अशा घराण्यातील नातवाने कोकणचा नकाशा उघडला, तर त्याचे आडनावच त्याला अलिबागजवळच्या किनाऱ्यावर आणून सोडते.

तथापि आडनावावर विसंबून चालत नाही. गावात राहणाऱ्याला त्याच गावाच्या नावाने सहसा कोणी ओळखत नाही. गाव सोडून परगावी गेल्यावरच ते नाव माणसाला चिकटते. म्हणून असे आडनाव घराण्याच्या प्रवासातील एक मुक्काम सांगते. तो पहिलाच मुक्काम असेल असे नाही. शिवाय जाधव, पवार, शिंदे अशा आडनावांत गावाचा पत्ताच नसतो. अशा वेळी वृद्धांची स्मृती हाच आधार. नाशिक, त्र्यंबकेश्वर यांसारख्या क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे गावांसह लिहून ठेवलेली असतात. तेथूनही कित्येकदा विसरलेले गाव हाती लागते.

एक नाव, अनेक गावे

गावाचे नाव मिळाले म्हणजे शोध संपला असे नव्हे. तो खऱ्या अर्थाने तेथूनच सुरू होतो. समजा, एका मुलाच्या आजीने 'पिंपळगाव' एवढेच सांगितले. पिंपळगाव बसवंत नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात आहे, पिंपळगाव हरेश्वर जळगाव जिल्ह्याच्या पाचोरा तालुक्यात आहे, आणि पिंपळगाव जोगा पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात आहे. याखेरीज त्या नावाची लहानमोठी गावे आणखी आहेतच. यांपैकी आजीचे कोणते?

येथे दुसरी खूण विचारावी लागते. आजी म्हणाली, "जवळच ओझर होते," तर वाटेल की उत्तर सापडले. परंतु ओझर निफाड तालुक्यातही आहे आणि जुन्नर तालुक्यातही आहे. मग तिसरी खूण हवी. "ओझरच्या विघ्नहर गणपतीला जात असू, बाजार ओतूरचा," असे शब्द आले की निफाड व पाचोरा मागे पडतात आणि बोट जुन्नर तालुक्यावर स्थिरावते. एका नावाने दिशा मिळते, परंतु निश्चिती होण्यास तीन खुणा एके ठिकाणी जुळाव्या लागतात. नदी, आठवडी बाजार, सोयऱ्यांची गावे, जत्रेचे दैवत या खुणा वृद्धांच्या स्मरणात गावाच्या नावाइतक्याच पक्क्या असतात. पायी किंवा बैलगाडीने जाणे-येणे होई, तेव्हा बाजार आणि सोयरीक ही दोन्ही बहुधा थोड्या कोसांच्या आतच असत. त्या अंतराचे वर्तुळ नकाशावर काढले, की जुळणाऱ्या व न जुळणाऱ्या खुणा मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येतात. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे, हाही भेद या वेळी ध्यानात आणून द्यावा. एकाच नावाच्या जोडगावांत त्यावाचून घोटाळा होतो.

धरणाखालील गाव

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे मान खाली घालून उभ्या राहिलेल्या मुलाकडे वळणे योग्य होईल. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. पुणे, सोलापूर व त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील नदीकाठची अनेक गावे त्याच्या पाण्याखाली गेली. इंदापूर तालुक्यातील पळसदेव हे त्यांपैकी एक. लोकांनी उंचावर, पुणे-सोलापूर रस्त्यालगत, नवे गाव वसविले आणि त्याला जुनेच नाव ठेवले. पळसनाथाचे प्राचीन मंदिर मात्र नदीकाठीच राहिले. ज्या वर्षी जलाशयाचे पाणी फार खाली जाते, त्या वर्षी ते पाण्यातून वर येते आणि माणसे ते पाहावयास जातात.

या उदाहरणातील बोध महत्त्वाचा आहे. आजच्या नकाशावर पळसदेव हे नाव आहे. ते खोटे नाही. परंतु धरणापूर्वी तेथे राहिलेल्या पणजोबांचे घर आजच्या पळसदेवात शोधले, तर ते कधीच सापडणार नाही. नाव तेच राहिले आणि गाव हलले. नवा नकाशा येथे उत्तर देतो, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचे असते. पणजोबांचे गाव पाहावयाचे तर धरणापूर्वी मोजलेले पत्रकच पुढे घ्यावे लागेल.

असे पत्रक वाचणे कठीण नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ मध्ये स्थापन झाला. त्याच्या जुन्या भूरूपदर्शक नकाशांचे प्रमाण एका मैलास एक इंच असे होते. पुढील नकाशे एका किलोमीटरास दोन सेंटिमीटर या प्रमाणाचे झाले. क्रमांक ४७ चा मोठा विभाग १६ ते २० उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ पूर्व रेखांश एवढा असून मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर व सोलापूर ही शहरे त्यात येतात. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग आणि त्या प्रत्येकाची पुन्हा सोळा पत्रके केलेली आहेत. असे प्रत्येक पत्रक १५ मिनिटे अक्षांश व १५ मिनिटे रेखांश एवढ्या क्षेत्राचे असते. मोजणीचे वर्ष समासात छापलेले असते. सर्वांत आधी तेच वाचावयास मुलांना शिकवावे.

जुन्या व नव्या नकाशांचे प्रमाण वेगळे असल्यामुळे एकावर दुसरा ठेवून चालत नाही. परंतु दोन्ही पत्रके १५ मिनिटांचीच असतात. त्यामुळे प्रत्येकावर पाच-पाच मिनिटांच्या अंतराने पेन्सिलीने रेघा ओढल्या, की दोहोंचेही नऊ नऊ चौकोन होतात. जुन्या पत्रकावर गाव ज्या चौकोनात व ज्या कोपऱ्याशी असेल, तीच जागा नव्या पत्रकाच्या त्याच चौकोनात खुणेने दाखवावी. गावे हलली, रस्ते हलले, तरी अक्षांश-रेखांश धरणामुळे हलत नाहीत. अशी खूण केली की ती निळ्या रंगात, पाण्याच्या मधोमध पडते. त्या मुलाला बोट ठेवण्यास जागा मिळते.

गावनकाशा व पांढरी

आणखी बारकाईने पाहावयाचे असल्यास गावनकाशा उपयोगी पडतो. योगायोग असा की, मुंबई इलाख्यातील नव्या पद्धतीच्या जमीनमोजणीचा आरंभ गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास याच इंदापूर तालुक्यात केला. या पद्धतीत शेतांना सर्व्हे नंबर व हद्दीच्या खुणा मिळाल्या. मोजणीची साखळी ३३ फुटांची असून तिचे सोळा आणे मानीत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. हे गणित चौथीच्या मुलांना शाळेच्या पटांगणावर दोरी धरून करता येते.

गावनकाशावर शेतांच्या सीमा, ओढे, पायवाटा आणि गावठाण दिसते. जुन्या भाषेत शेतीच्या जमिनीला काळी व वस्तीच्या जागेला पांढरी म्हणत. घराण्याचा जुना सातबारा उतारा असल्यास त्यावरील नंबरावरून पूर्वजांचे शेत नेमके दाखविता येते. जुन्या नकाशाची नक्कल तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात रीतसर अर्ज करून मागावी.

नकाशाचे मौन

नकाशाच्या मर्यादाही शिक्षकाने जाणल्या पाहिजेत. तो गावठाण दाखवितो, पण त्यात कोण राहत होते हे सांगत नाही. सातबारा जमीनधारकाचे नाव सांगतो. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, त्या मजुराबद्दल तो बहुधा काही बोलत नाही. भटक्या जमातींचे पूर्वज एका पांढरीत राहिलेच नाहीत. अशा मुलाला 'मूळ गाव' विचारणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाने त्याला मोजणे होय. त्याने बिंदूऐवजी रेषा काढावी : मुक्कामाची गावे, बाजार, यात्रा, पाणवठे. वडीलमाणसांना विचारून काढलेली अशी रेषा हाही पूर्वजांचा नकाशाच आहे, आणि कित्येकदा तो वर्गातील इतर सर्व नकाशांहून मोठा असतो. ऊसतोडणीसाठी दरवर्षी बाहेर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांनीही असाच मार्गाचा नकाशा काढावा.

दुसरी सावधगिरी अधिक नाजूक आहे. आडनावाच्या शोधातून जातीची चौकशी सुरू होण्यास वेळ लागत नाही. वर्गात प्रश्न 'कोण होते' असा नसावा. 'कोठे राहत होते' असा असावा. घरचे दुःख सांगण्याची सक्ती करू नये, आणि या कामाला गुण देऊ नयेत.

वर्गासाठी क्रम

१. मुलाने घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला गाव, नदी, बाजार व सोयऱ्यांची गावे विचारून लिहून आणावीत.

२. गाव कोणत्या वर्षाच्या सुमारास सोडले, हे दुष्काळ, धरण वा लग्न अशा प्रसंगावरून ठरवावे.

३. तालुक्याच्या व जिल्ह्याच्या नकाशावर त्या नावाची सर्व गावे शोधून तीन खुणांनी एक निश्चित करावे.

४. शक्य असेल तेथे त्या काळचा नकाशा मिळवून जुनी जागा नव्या नकाशावर दाखवावी.

५. निश्चित झालेले शाईने व अनिश्चित राहिलेले पेन्सिलीने लिहावे.

हा शेवटचा नियम सर्वांत मोलाचा आहे. आजीचा शब्द आदराने ऐकावा, परंतु तो पडताळूनही पाहावा, ही सवय ज्या मुलाला लागली, त्याने इतिहास व भूगोल या दोन्ही विषयांचे सार आत्मसात केले असे समजावे.

वर्षअखेरीस वर्गाच्या भिंतीवर जिल्ह्याचा एकच नकाशा लावावा. त्यावर प्रत्येक मुलाची एक खूण असावी : कोणाची गावठाणात, कोणाची लांबच लांब रेषेत, तर कोणाची जलाशयाच्या निळ्या रंगात. पुढच्या वर्षी "तुझे मूळ गाव कोणते?" असे कोणी विचारले, तर कोणत्याही मुलास मान खाली घालावी लागू नये, एवढे या उपक्रमाने साधावयाचे आहे.