पडद्यावरचा बर्फ, बांधीतले पऱ्हे

(गोंदिया जिल्ह्यातील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



हवामान बदलावरचे निसर्गपट गावात दाखवायचे की नाही, यावर काल रात्री जेवणानंतर आपल्यात चांगलीच वादावादी झाली. काहीजणी म्हणाल्या, दिवसभर रोवणी करून आलेल्या बाईला उत्तर ध्रुवावरच्या बर्फाचे काय करायचे? दुसऱ्या म्हणाल्या, जगात काय चालले आहे ते तिला कळायला नको का? मी गप्प होते, कारण आज याच विषयावर बोलायचे होते. गेली काही वर्षे अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, देवरी, तिरोडा या तालुक्यांतल्या बचत गटांच्या बायांबरोबर मी हे चित्रपट पाहते आहे. एक प्रोजेक्टर, एक पांढरी चादर, आणि वीज राहिली तर वीज. म्हणून चित्रपट कसे आहेत हे मी थोडक्यात सांगणार आहे. बायांनी ते कसे पाहिले, यावर जास्त बोलणार आहे.

आपला प्रेक्षक झाडीपट्टीचा आहे, हे आधी लक्षात घ्या. दिवाळीनंतर मंडई भरते, रात्रभर नाटक चालते, आणि बाया लेकराला मांडीवर निजवून पहाटेपर्यंत बसतात. गाणे आवडले तर पुन्हा म्हणायला लावतात, नट चुकला तर तिथल्या तिथे शेरा मारतात. शहरातल्या सभागृहात निसर्गपट संपला की लोक चुपचाप उठतात, फार तर 'किती भयंकर' म्हणतात. आपल्याकडे चित्रपट चालू असतानाच प्रश्न सुरू होतात, आणि ते प्रश्न मला त्या चित्रपटांपेक्षाही मोलाचे वाटतात.

एक उदाहरण देते. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर 'अवर प्लॅनेट' ही मालिका आली, डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्या निवेदनाची. तिच्यात वॉलरस या समुद्री जनावरांचे एक दृश्य आहे. समुद्रातला बर्फ कमी झाल्याने ही अवजड जनावरे रशियाच्या किनाऱ्यावर दाटीवाटीने जमतात, काही उंच कड्यावर चढतात आणि तिथून खाली कोसळून मरतात. जगभरच्या पुष्कळ प्रेक्षकांना ते पाहवले नाही. तेव्हा कंपनीनेच जाहीर केले की प्राणीप्रेमींनी अमुक भागातली अमुक मिनिटे वगळून पाहावे.

तिरोडा तालुक्यातल्या एका गावात हे दृश्य लागले तेव्हा एका म्हाताऱ्या बाईने विचारले, "येवढे वर काऊन चढले जी? खाली जागा नोयती का?" मी म्हटले, नव्हती. "मंग बराबर हाये. जागा नसली का वर चढाच लागते. आमी नाही का पुरात शाळेवर चढलो." ती २०२० च्या ऑगस्टअखेरच्या वैनगंगेच्या पुराबद्दल बोलत होती. तिला त्या जनावराची दया आली नाही असे नाही. पण तिने त्याच्याकडे आपल्यासारखाच अडचणीत सापडलेला जीव म्हणून पाहिले. वगळायची मिनिटे ज्यांना सांगितली जातात ते प्रेक्षक वेगळे. पुराची मिनिटे वगळण्याची सोय या बाईला कोणी दिली नव्हती.

देवरीकडे एका गावात उपासमारीने हाडे निघालेल्या ध्रुवीय अस्वलाची चित्रफीत दाखवली. तुमच्यापैकी काहींनी मोबाइलवर पाहिली असेल. २०१७ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडे काढलेली ती चित्रफीत अफाट गाजली. पुढे ती चित्रित करणाऱ्या चमूतल्या छायाचित्रकार क्रिस्टिना मिटरमायर यांनीच लिहिले की तिचा अर्थ त्यांच्या हातात राहिला नाही. ते एक अस्वल हवामान बदलामुळेच उपाशी होते, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हते. मला हा खुलासा फार महत्त्वाचा वाटतो. रडू आणणारे चित्र आणि सिद्ध झालेली गोष्ट यांत फरक असतो. आपल्या गावातल्या बायांनाही तो समजतो. त्या रात्री एकीने सरळ विचारलेच, "म्हातारं झालं असंल, का बिमार असंल, तुमाले कसं समजलं?"

आता प्रेक्षकांवर परिणाम होतो का? अमेरिकेत २००६ मध्ये अल गोर यांचा 'अ‍ॅन इन्कन्व्हिनियन्ट ट्रूथ' आला. जिथे तो लागला त्या परिसरातल्या लोकांनी आपल्या प्रदूषणाची भरपाई म्हणून स्वेच्छेने जादा पैसे मोजले, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. पण वर्षभरात तो उत्साह ओसरला. 'ब्लू प्लॅनेट दोन' या २०१७ च्या मालिकेने ब्रिटनमध्ये प्लॅस्टिकविरुद्ध मोठी हवा केली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मात्र असे आढळले की मालिका पाहिलेल्यांचे ज्ञान वाढले, प्लॅस्टिकची वस्तू घेण्या-न घेण्यात फरक पडला नाही. म्हणजे पाहणे आणि करणे यांच्या मध्ये मोठी दरी आहे. आपण जाणीव-जागृतीची शिबिरे इतकी वर्षे घेतली, आपल्याला हे नवे नाही.

पण या सगळ्या मोजमापात प्रेक्षक म्हणजे गिऱ्हाईक. त्याने काय विकत घेतले एवढेच मोजायचे. ज्या बाईकडे विकत घ्यायलाच काही नाही, तिने चित्रपट पाहून काय केले ते कुठल्या रकान्यात लिहायचे?

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. या चित्रपटांत एक शब्द सारखा येतो, 'आपण'. आपण जंगल तोडले, आपण समुद्र तापवला, आपण वाट चुकलो. हिंदीत 'हम' म्हणतात, मी मराठीत सांगताना 'आपण' म्हणते. सडक अर्जुनी तालुक्यातल्या एका गटात हा शब्द पाचव्यांदा आला तेव्हा मागून आवाज आला, "आमी काय केलं वो ताई?" सगळ्या हसल्या. मी चित्रपट थांबवला.

खरेच, काय केले त्यांनी? भारतातला माणूस वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, अमेरिकेतला चौदा टनांच्या आसपास. हीसुद्धा सरासरीच. दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करणारी, मोहफुले वेचणारी बाई त्या दोन टनांच्याही कितीतरी खाली आहे. आपल्याच जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचा कोळशावरचा वीज प्रकल्प आहे. ती वीज कुठे जाते आणि धुराखालच्या गावांत भारनियमन का होते, हा प्रश्न बायांनी त्याच बैठकीत काढला. 'आपण' या शब्दात विमानाने फिरणारा आणि चिखलात वाकलेली बाई एकाच पोत्यात भरली जातात. 'माणूस' म्हटले की बाई त्यात धरली आहे असे समजा, हे आपण फार वर्षे ऐकले. दोषाची वाटणी करताना मात्र तिला न विसरता धरतात.

याहून टोकाची गोष्ट पुढे आहे. अ‍ॅटनबरो यांचा २०२० चा 'अ लाइफ ऑन अवर प्लॅनेट' हा चित्रपट सुंदर आहे, मनापासून केलेला आहे. नव्वदी ओलांडलेला माणूस आपल्या हयातीत काय काय नाहीसे झाले ते सांगतो. शेवटी उपाय येतात. त्यात एक उपाय लोकसंख्या स्थिरावण्याचा. गरिबी हटवा, आरोग्यसेवा द्या, मुलींना शाळेत जास्त वर्षे राहू द्या, म्हणजे जन्म कमी होतील. आता मुलींनी शिकावे याला आपला विरोध कसा असेल? पण मुलगी शिकावी ती तिच्या स्वतःसाठी. पृथ्वीवर गर्दी कमी व्हावी म्हणून तिला शाळेत पाठवायचे, हे मला पटत नाही. आणि आमच्या बायांना तर त्यातले 'शाळा' कमी आणि 'पोरं कमी' जास्त ऐकू आले. एक पन्नाशीची बाई म्हणाली, "सगळं फिरून आमच्या पोटावरच येते." तिचे ऑपरेशन शिबिरात झाले होते, रांगेत, एकीमागून एक. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये, बिलासपूर जिल्ह्यात, नोव्हेंबर २०१४ मध्ये नसबंदी शिबिरानंतर डझनाहून अधिक बाया मेल्या. ही आठवण घेऊन जी बाई पडद्यासमोर बसते, तिच्या कानाला लोकसंख्येचा उल्लेख साधा वाटत नाही. १९९४ च्या कैरो परिषदेपासून आपली चळवळ सांगत आली आहे की बाईचे शरीर हे धोरणाचे साधन नव्हे. तीच गोष्ट आता हवामानाच्या नावाने पुन्हा मांडावी लागणार असे दिसते. यावर आपल्याला वेगळी बैठक घ्यावी लागेल.

वाघाबद्दल थोडे बोलते. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये झाला. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. निसर्गपटात वाघ म्हणजे राजा. संथ संगीत, सोनेरी ऊन, आणि तो रुबाबात चालतो. जंगलाला लागून असलेल्या एका गावात हे दृश्य लागले आणि एक बाई उठून घरी गेली. तिच्या जावेवर मोहफुले वेचताना वाघाने झडप घातली होती. बाकीच्या मात्र बसल्या, आणि वाघ नको असे कोणीही म्हणाले नाही, हेही नोंदवून ठेवते. त्या म्हणाल्या, आमालेही दाखवा ना जंगलात. मोहाच्या झाडाखाली पहाटे अंधारात वाकलेली बाई कॅमेऱ्यात का येत नाही? तिला चौकटीबाहेर ठेवले की जंगल रिकामे दिसते. आणि रिकामे जंगल दिसले की सामूहिक वनहक्काचा दावा करणारी ग्रामसभा अतिक्रमण करणारी वाटू लागते.

म्हणूनच 'द एलिफंट व्हिस्परर्स' आमच्या बायांना सर्वांत आवडला. कार्तिकी गोन्साल्विस यांचा हा लघुपट, २०२३ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. मुदुमलाईच्या जंगलात हत्तीची पिल्ले सांभाळणारे बोम्मन आणि बेल्ली. बेल्लीचा पहिला नवरा वाघाने मारला होता, तिला जंगलाची भीती वाटते, आणि तरी ती जंगलातच राहते. हे ऐकताच आमच्याकडे सगळीकडे कुजबुज झाली. उन्हाळा, वणवा, पाण्याचा तुटवडा हेही त्यात येते, पण भाषण म्हणून येत नाही. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये तामिळनाडू सरकारने बेल्लीला हत्तींच्या देखभालीसाठी कावडी म्हणून नेमले, हे मी सांगितले तेव्हा टाळ्या पडल्या. पहिला प्रश्न आला, "पगार किती?"

आणि अर्जुनी मोरगावच्या ढिवर बायांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांना 'चेझिंग कोरल' हा २०१७ चा चित्रपट दाखवला. समुद्राचे पाणी तापले की प्रवाळ आपल्या अंगातले शेवाळ बाहेर टाकते, पांढरे पडते, मरते, आणि त्याच्या आसऱ्याचे मासे जातात. मी समजावून सांगायला तोंड उघडले तर त्यांनीच मला समजावले. आपल्या मामा तलावांत, म्हणजे माजी मालगुजारी तलावांत, हेच झाले. कोहळ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले तलाव १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झाले. पुढे गाळ साचला, बेशरम माजली, पाण्यातल्या मूळच्या वनस्पती गेल्या, आणि त्यांच्या आधाराने अंडी घालणारे गावठी मासेही गेले. आपल्या भागात ढिवर बायांनी काही तलावांत उतरून बेशरम उपटली आहे, पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. त्यांच्या दृष्टीने ऑस्ट्रेलियाचे प्रवाळ म्हणजे मोठा तलाव. "आमी लावतो तसं त्याईले लावता येत नाही का?" असे त्यांनी विचारले. लावतात, काही ठिकाणी लावतात, मी म्हटले. पण पाणीच तापत राहिले तर लावलेलेही मरते. त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. उन्हाळ्यात उथळ तलावातली मासळी कशी तडफडते ते सगळ्यांनी पाहिलेले होते.

तर, चित्रपट दाखवायचे का? दाखवायचे. पण आवाज बंद करून दाखवण्याचा प्रयोग करून पाहा. चित्र चालू द्या, आणि निवेदन गावातल्या एखाद्या बाईला करू द्या. दर दहा मिनिटांनी थांबा. आणि चित्रपट संपल्यावर लगेच घरी पाठवू नका, कारण बाया खरे बोलतात ते त्यानंतरच.

त्या काय बोलतात? पऱ्ह्यांबद्दल बोलतात. नर्सरी टाकली आणि पाऊस आला नाही, पऱ्हे वाळले. दुसऱ्यांदा टाकली, अतिवृष्टीत सडली. कापलेल्या कडपा दिवाळीच्या पावसात भिजल्या, धानाला कोंब फुटले. "आमच्या पऱ्ह्याईचा पिक्चर कोन काढते?" हे मी तीन गावांत तीन वेगवेगळ्या बायांकडून ऐकले. पीक ३३ टक्क्यांहून जास्त गेले तर पंचनामा होतो, मदत मिळते. ती कोणाला? सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याला. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी बहुतेक घरांत सातबारा पुरुषाचाच आहे. आणि जिच्याकडे जमीनच नाही, जी रोजीने रोवणीला जाते, तिचे पावसाने किंवा उन्हाने बुडालेले दिवस कुठल्याच पंचनाम्यात नाहीत. तलाठी बांधी मोजतो, बुडालेली रोजी मोजत नाही. हवामान बदल म्हणजे आपल्या जिल्ह्यात काय, तर हे.

म्हणून एक ठरवू या. या हंगामात प्रत्येक गटाने एक वही ठेवायची. रोवणी, निंदण, कापणी, मोहफूल, तेंदूपत्ता या कामांचे किती दिवस पावसामुळे, उन्हामुळे किंवा वाघाच्या भीतीने बुडाले, कोणाचे, कोणत्या तारखेला, रोजी किती होती. मोबाइलवर फोटो काढता आला तर काढायचा, सडलेल्या पऱ्ह्यांचा, फुटलेल्या पाळीचा. दिवाळीनंतर सगळ्या वह्या एकत्र करून आठही तालुक्यांच्या तहसीलदारांकडे एकाच दिवशी जायचे. तारीख आज ठरायला हवी, कारण मंडया सुरू झाल्या की कोणी सापडणार नाही.

वहीच्या रकान्यांचा नमुना मी लिहून आणला आहे. 'वाघाची भीती' हा रकाना वेगळा ठेवायचा की नाही यावर देवरी आणि सालेकशाच्या बायांचे एकमत होत नाही. चहा झाला की आधी तेच बोलू.