पेव्हर ब्लॉक बसवताना

अंधेरी असो वा मुलुंड, सोसायटीच्या आवारातले पेव्हर ब्लॉक पहिल्याच मोठ्या पावसात खचतात, डगमगतात. दोष बहुधा ब्लॉकचा नसतो, त्याखालच्या थरांचा असतो.

आधी जाडी ठरवा. भारतीय मानक १५६५८ प्रमाणे हलक्या रहदारीला ६० मिलिमीटर, मध्यम रहदारीला ८० मिलिमीटर. पाण्याचा टँकर आत येत असेल, तर ८०चेच घ्या.

जमीन खोदून घट्ट दाबा. वर खडीचा थर टाकून रोलर फिरवा. मग तीसेक मिलिमीटर वाळू सारखी पसरा. खळगे मात्र वाळूने बुजवू नका. ते खडीनेच भरा. गटाराकडे मीटरमागे सुमारे २ सेंटिमीटर उतार ठेवा. कडेला काँक्रीटची पक्की कड हवीच, नाहीतर ब्लॉक बाजूला सरकतात. गाड्यांच्या वाटेवर ब्लॉक तिरके, एकमेकांत अडकवून लावा. शेवटी सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडून भरा आणि यंत्राने दाबा. हे सारं मे महिन्यातच उरका.

पुढे पाइपलाइनसाठी खोदावं लागलं, तर तेच ब्लॉक पुन्हा वापरता येतात. फक्त चर बुजवताना माती थराथराने दाबून घ्यायला कंत्राटदाराला सांगा.