अन्नाचें वावडें आणि तान्ह्या मुलांची झोंप

रात्रीचा एकचा सुमार. घरांतील माणसें निजलीं आहेत, आणि आठ-नऊ महिन्यांचें मूल पाळण्यांत अंग आक्रसून रडूं लागतें. आई त्यास खांद्यावर घेऊन येरझारा घालते. तें क्षणभर डुलकी घेतें आणि पाळण्यांत ठेवतांच पुन्हां उठतें. असें एक रात्र नव्हे, आठवडेच्या आठवडे चाललें म्हणजे घरांतील प्रत्येकाचें निदान निराळें होतें. आजी म्हणते दृष्ट लागली. शेजारीण म्हणते दांत येत आहेत. आत्याबाई म्हणतात पोट भरत नाहीं, निजतांना वाटीभर दूध जास्त पाजा. सर्वांच्या बोलण्यांत माया असते, आणि आत्याबाईंचा सल्ला बहुतेक घरांत निरुपद्रवीही ठरतो. परंतु कांहीं थोड्या मुलांच्या बाबतींत तें वाटीभर दूधच झोंप मोडण्याचें मूळ असतें, आणि जितकें अधिक पाजावें तितकें मूल अधिक जागतें.

रडतें मूल कसेंही करून निजवावें, ही घाई समजण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या कांहीं दशकांत मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या बायका तान्ह्यांस अफू घातलेली बाळागोळी देत, हें त्या काळच्या मजूरविषयक चौकश्यांत नमूद झालेलें आहे. दिवसभर यंत्रापुढें उभ्या राहणाऱ्या आईस दोष देणें सोपें आहे. मूल सांभाळावयास घरीं कोणी नाहीं, ही तिची अडचण कोणी दूर केली नव्हती. अफू गेली, पण निजविण्याची ती वाट अजून बुजलेली नाहीं. सर्दीखाजेवरचीं गुंगी आणणारीं औषधें आजही पुष्कळ घरांत मुलास ‘शांत’ करण्यासाठीं चमच्यानें पाजलीं जातात. त्यांपैकीं प्रोमेथाझीन हें औषध दोन वर्षांखालील मुलास देऊं नये, त्यानें श्वास मंदावून प्राणावर बेतूं शकतें, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २००४ सालीं दिला. अशा औषधानें मूल निजतें हें खरें. पण तें कां जागत होतें, हा प्रश्न तसाच राहतो.

एखादा पदार्थ एखाद्यास सोसत नाहीं, यास मराठींत ‘वावडें’ हा नेमका शब्द पूर्वीपासून आहे. शास्त्रानें त्यासाठीं ‘अॅलर्जी’ हा शब्द १९०६ सालीं घडविला. तो घडविणारे क्लेमेन्स फॉन पिर्के हे व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ होते. शरीरांत रोगजंतूंशीं झुंजणारी जी यंत्रणा असते, तीच कधीं निरुपद्रवी अन्नास शत्रू समजते, हें या व्याधीचें मर्म. रक्तांतील जो पदार्थ ही चूक घडवून आणतो, त्याचा शोध १९६७ च्या सुमारास अमेरिकेंत इशिझाका पतिपत्नींनीं व स्वीडनमध्यें योहानसन आणि बेनिख यांनीं स्वतंत्रपणें लावला. त्यास आज आय्-जी-ई म्हणतात. त्याच्यामुळें होणारी बाधा खाल्ल्यापासून कांहीं मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते: अंगावर गांधी उठतात, ओंठ सुजतात, ओकारी होते. या बाधेंत कारण आणि कार्य जवळजवळ असल्यानें आईची नजर चुकत नाहीं. दुसरी बाधा मंदगति आहे. तींत आय्-जी-ईचा संबंध नसतो. ती कांहीं तासांनीं, क्वचित् दोन-तीन दिवसांनींही प्रकट होते. सोमवारीं प्यालेल्या दुधाचा त्रास बुधवारच्या रात्रीं झाला, तर तो दुधावर कोण घालणार?

वावड्यानें झोंप मोडते ती बहुधा आडवाटेनें. सर्वांत मोठी वाट खाजेची. ज्या मुलांच्या गालांवर, कोपरांच्या व गुडघ्यांच्या लवणींत इसब असतो, त्यांची खाज रात्रीं वाढते. कारण झोंपेच्या वेळीं कातडीची ऊब वाढते, तिच्यांतील ओलावा अधिक उडतो, आणि दाह आवरणारा शरीरांतील जो स्राव, तो मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतो. मूल पुरतें जागें न होतां खाजवीत राहतें. सकाळीं चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात आणि झोंप तर झाली असें सर्वांस वाटतें. दुसरी वाट पोटाची. दूध न सोसणाऱ्या कांहीं तान्ह्यांस तें वरचेवर उलटून घशांत येतें. आडवें केलें कीं जळजळ होते, म्हणून मूल खांद्यावर निजतें आणि पाळण्यांत उठतें. कांहींच्या शौचांत रक्ताचे धागे दिसतात. नाक चोंदणें ही तिसरी वाट. पण नुसतें नाक चोंदलें, इतर कांहीं नाहीं, तर अन्नावर संशय घेण्याचें फारसें कारण नसतें.

दूध आणि झोंप यांचा संबंध प्रत्यक्ष प्रयोगानें तपासणारांत ब्रुसेल्सचे डॉक्टर आंद्रे कान यांचें नांव प्रथम येतें. १९८५ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं थोड्याशा निद्राहीन तान्ह्यांविषयीं लिहिलें: आहारांतून गाईचें दूध काढल्यावर झोंप पूर्ववत् झाली, परत दिल्यावर मोडली. १९८९ सालीं त्यांनीं पांच वर्षांखालील सुमारें दीडशें जागणारीं मुलें तपासलीं. त्यांतील बहुसंख्य मुलांच्या जागरणाचें कारण दुधापलीकडचें निघालें. ज्यांचें कारण सांपडेना अशीं थोडीं उरलीं, आणि त्यांपैकीं बहुतेकांची झोंप दूध बंद केल्यावर कांहीं आठवड्यांनीं ताळ्यावर आली. मग कोणत्या वेळीं दूध दिलें जात आहे हें आईबापांस कळूं न देतां आणि डॉक्टरांसही कळूं न देतां तें परत देऊन पाहिलें, व तोच निष्कर्ष आला. या प्रयोगांतील पूर्वार्ध लोक विसरतात आणि उत्तरार्ध तेवढा सांगतात. खरें पाहतां पूर्वार्धाची किंमत कमी नाहीं.

कारण रात्रीं उठणें हा तान्ह्या मुलाचा स्वभाव आहे. त्याच्या झोंपेचें एक आवर्तन तासाभरांत संपतें, आणि दर आवर्तनाच्या शेवटीं तें किंचित् जागें होतें. कोणी आपोआप पुन्हां निजतें, कोणास आई लागते. चार महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या मुलास दिवसरात्र मिळून बारा ते सोळा तास झोंप पुरते. त्याहून अधिक निजावें अशी अपेक्षा धरणारे आईबाप विनाकारण कष्टी होतात. पहिल्या तीन-चार महिन्यांत संध्याकाळीं तासन्तास रडणारीं मुलें बहुधा कशाचीही बाधा नसतांना रडतात, आणि सहा आठवड्यांच्या सुमारास तें रडणें कळसास पोंचून उतरूं लागतें. थोड्या मोठ्या मुलांच्या बाबतींत दुधाकडे वळण्यापूर्वीं चहाच्या बशीकडे पाहावें. संध्याकाळीं बशींतून घोटभर चहा आणि त्यांत बुडविलेलें बिस्किट हा महाराष्ट्रांतील लाडाचा प्रकार. त्यांतील कॅफीन झोंप उडवितें, तो कांहीं वावड्याचा दोष नव्हे.

मग संशय घ्यावा तरी केव्हां? जागरणाच्या जोडीला इसब, वरचेवर ओकाऱ्या, शौचांत रक्त, किंवा वजन न वाढणें यांपैकीं कांहीं असेल तेव्हां. अशा वेळीं डॉक्टर संशयित पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करवितात आणि नंतर तो पुन्हां देऊन पाहतात. पुन्हां देण्याची ही पायरी घरोघर गाळली जाते. दूध बंद केलें, मूल निजलें, म्हणजे दूधच दोषी, असें ठरवून वर्षानुवर्षें तें तोडलें जातें. परंतु त्या महिन्याभरांत मूल महिन्यानें मोठेंही झालेलें असतें, आणि वाढत्या वयानें येणाऱ्या झोंपेचें श्रेय पथ्याला मिळतें. ज्या मुलास पूर्वी लगेच आणि जोराची बाधा झाली असेल, त्यास मात्र हा प्रयोग घरीं करूं नये. तो रुग्णालयांतच करावा. कित्येक प्रयोगशाळा आय्-जी-जी नांवाची रक्ततपासणी करून न सोसणाऱ्या पदार्थांची भलीमोठी यादी हातीं देतात. त्या तपासणीनें वावडें ठरत नाहीं. अमुक अन्न पोटांत गेलें आहे, एवढेंच फार तर तिच्यावरून कळतें.

चुकीचें पथ्य हें स्वस्त नसतें. दूध तोडलेल्या मुलास त्याच्या बदली योग्य अन्न न मिळाल्यास हाडें मऊ पडतात, वाढ खुंटते. इसब असलेल्या मुलाचा एखादा पदार्थ उगीच दीर्घकाळ तोडला, तर पूर्वीं सोसत असलेला तोच पदार्थ पुढें एकाएकीं जोराची बाधा करूं शकतो. गाईचें सोसत नाहीं म्हणून शेळीचें दूध द्यावें, हा खेड्यापाड्यांत व शहरांतही मिळणारा सल्ला सद्भावनेचा असला तरी फसवा आहे. दोहोंतील प्रथिनें इतकीं सारखीं कीं गाईच्या दुधाचें वावडें असलेल्या बहुतेक मुलांस शेळीचेंही बाधतें, म्हशीचेंही बाधतें. तसेंच दुधांतील साखर न पचणें हें निराळें प्रकरण आहे. त्यानें पोट फुगतें, पण तें वावडें नव्हे, आणि तान्ह्या वयांत जन्मतः तें क्वचितच आढळतें. अंगावर पिणाऱ्या मुलास बाधा होत असल्यास आईनें खाल्लेल्या दुधाचा अंश तिच्या दुधांतून जात असतो. तेव्हां डॉक्टरांच्या सल्ल्यानें आईनें कांहीं दिवस पथ्य करून पाहावें. अंगावरचें दूध मात्र तोडूं नये.

झोंपेविषयींच्या या बोलण्यांत एक झोंप अशी आहे, जिला झोंप समजणें घातक होय. कांहीं तान्ह्यांस दूध किंवा तांदूळ खाल्ल्यावर एक ते चार तासांनीं ओकाऱ्यांमागून ओकाऱ्या होतात. मग तें मूल पांढरें फटक पडतें, अंग सैल सोडतें आणि निपचित पडून राहतें. पेज हें महाराष्ट्रांत मुलाचें पहिलें अन्न. तिच्यावर कोणी संशय घेत नाहीं. ओकून ओकून दमलें, आतां निजूं द्या, असें म्हणण्यांत तास जातो. अशा मुलास तत्काळ रुग्णालयांत नेलें पाहिजे. त्याचप्रमाणें खाल्ल्यावर गांधी उठून आवाज बसला, श्वास घुरघुरूं लागला किंवा मूल मलूल झालें, तर तेथें गोळ्याचाटणांचा उपयोग नाहीं. मांडींत टोंचावयाचें अॅड्रिनलिन हेंच औषध.

असा प्रसंग एकदां पाहिलेले आईबाप पुढें स्वस्थ निजत नाहींत. मूल गाढ झोंपलेलें असतें आणि आई त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजीत बसते. बाप दिवसाउजेडीं डब्यावरील बारीक अक्षर वाचतो आणि रात्रीं तें वाचतांना कांहीं सुटलें काय याचा घोर लावून घेतो. मुलाच्या वावड्यानें मोडणारी झोंप अशी दुप्पट असते. या काळजीस वैद्यकाजवळ एक चांगलें उत्तर आहे: दूध व अंडें यांचें वावडें असलेलीं बहुतेक मुलें तें पुढें सोडून देतात, शेंगदाणे व मासे यांचें वावडें मात्र चिवट असतें. म्हणून डॉक्टर ठराविक काळानें मुलास पुन्हां तपासतात, आणि कित्येकदां भट्टींत चांगलें भाजलेल्या बिस्किटांतील दुधाच्या लेशापासून आरंभ करवितात, कारण भट्टीच्या तापानें दुधांतील प्रथिनांची कांहीं बाधकता जाते. तो पहिला तुकडा सकाळीं द्यावा, संध्याकाळीं नव्हे. म्हणजे बाधा झालीच तर घरांतील सर्व माणसें जागीं असतात आणि दवाखानाही उघडा असतो.