भंगाराचीही पावती हवी
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



आजच्या दिवशी गोड बोलावं, हे मान्य. पण जन्म बँकेत गेला, त्यामुळे हिशेबच निघणार! आज हिशेब भंगाराचा.

काही वर्षांपूर्वी आपल्या जिन्यांतली आग विझवायची पितळी नोझल एका रात्रीत गेली. पोलिसांनी विचारलं, "काही खूण? बिल?" आपल्याकडे दोन्ही नव्हतं. पुरावा नसताना आपण रात्रपाळीच्या वॉचमनला काढलं. सभेत हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

त्याच वर्षी नळाचे जुने पाइप मी भंगारात दिले. खजिनदार होतो ना! पैसे रोख मिळाले, ते संस्थेच्या खात्यात भरले. पण वजनाची चिठ्ठी नाही, पावती नाही. भंगारवाल्याने माझं नावही विचारलं नाही. नंतर लक्षात आलं, नोझल विकणाऱ्यालाही त्याने विचारलं नसेल.

चोरीचा माल आहे हे माहीत असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण घेणाऱ्याला ते माहीत होतं, हे सिद्ध कसं करायचं? रेल्वेने यावर १९६६ च्या कायद्यात तोड काढली. चोरीचा संशय येण्याजोगा रेल्वेचा माल सापडला, तर तो रीतसर मिळाला हे ज्याच्याकडे सापडला त्यानेच दाखवायचं. इंग्लंड-वेल्समध्ये २०१३ चा कायदा आहे. भंगार व्यापाऱ्याला परवाना लागतो, विकणाऱ्याचं नाव-पत्ता तपासावा लागतो आणि धातूचे पैसे रोख देता येत नाहीत. आपल्या बँकेतल्या केवायसीसारखंच की!

सरकार करील तेव्हा करील. आपण आपल्यापुरतं एवढं करू. भंगार विकण्याआधी कमिटीचा ठराव, तीन दरपत्रकं, सभासदांसमोर वजन, घेणाऱ्याचं नाव-पत्ता आणि पैसे थेट संस्थेच्या खात्यात. पितळी वस्तूंवर संस्थेचा नोंदणी क्रमांक कोरून घ्यायचा. घरचं भंगार देतानाही साधी पावती मागा.

तो वॉचमन दोषी होता का, हे मला आजही सांगता येत नाही. नोकरी मात्र त्याची गेली. भंगारवाल्याच्या वहीत विकणाऱ्याचं नाव असतं, तर आपल्याला अंदाजाने हात वर करावे लागले नसते.

पंचवीस वर्षांच्या ताळेबंदात ही एक बाकी माझ्या नावावर लिहून ठेवा.